कड्यावरचा सराव

कड्यावरून स्ट्रेचर खाली सोडायचा सराव चालला होता. बचाव पथकाला पंधरा वर्षं शिकवणारे दिगंबर सर यंदा नुसतेच बाजूला उभे होते. सूत्रं त्यांचीच विद्यार्थिनी रेवतीकडे आली होती.

सर एकटेच ठरवायचे. रेवती मात्र प्रत्येकाला विचारत होती आणि पोरं भराभरा मार्ग सुचवत होती. आपल्यासमोर ही कधी एवढी बोलली नाहीत, हे सरांना फार लागलं.

तेवढ्यात त्यांना दिसलं, स्ट्रेचरचा दोर खडकाच्या धारदार कडेवर घासत होता. ते मुद्दाम गप्प राहिले. चुकू दे हिला एकदा.

स्ट्रेचरवर रुग्ण म्हणून झोपलेला इरफान खालून हसत काहीतरी ओरडला, आणि सर पुढे धावले.

"थांबा! दोर घासतोय!"

रेवतीने धावत जाऊन दोराखाली गोणपाट सरकवलं.

"सर, तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"हो. तू चुकावीस असं वाटत होतं."

रेवतीचा चेहरा उतरला. "ते नंतर बोलू. इरफान अजून लटकतोय. दोर धरायला माणूस हवाय."

सर पोरांच्या रांगेत सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोर घट्ट धरला.

"सांग," ते म्हणाले, "केव्हा सोडायचा?"