प्रणयचा जामीनदार

“मावशी, खरं सांगा. प्रणयचा फोन येतो का नाय तुम्हाला?”

सारजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“सोमनाथ, तूच विचारतोस व्हय मला?” त्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या. “दीड वरीस झालं. आवाज नाय ऐकला पोराचा.”

मघाशी दारातही त्या अशाच ओरडल्या होत्या, “कोण? सोमनाथ आलाय व्हय!” वयामुळं कान गेले असतील, असं सोमनाथला वाटलं. मग तोही जरा आवाज चढवून बोलू लागला.

वाळूजच्या कंपनीतली पाळी बुडवून तो मोटारसायकलवर कन्नडला आला होता. वाटभर त्यानं मनाशी घोकलं होतं, आज दयामाया नाही. नंबर घ्यायचा, पत्ता घ्यायचा. नाहीच दिला तर गल्लीतली माणसं गोळा करायची.

तो आणि प्रणय डिप्लोमाला एका खोलीत राहिले होते. सारजाबाई एसटीतून डबा धाडायच्या, तो दोघांचा असायचा. पुढं प्रणयला जर्मनीत शिकायची संधी आली. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण त्याचा बाप वारलेला, आई शाळेत खिचडी शिजवणारी. पगारदार जामीन पाहिजे होता. क्रांती चौकात चहा पाजून प्रणय म्हणाला, “नुसती सही तर करायचीय, गड्या. हप्ते मीच भरणार हाय.” सोमनाथनं सही केली. मित्राचं भलं होत असताना हात आखडता घेणं त्याला जमलंच नसतं.

सुरुवातीला तिकडून फोटो यायचे. बर्फातला प्रणय, लायब्ररीतला प्रणय. मग फोटो थांबले. मग फोन लागेना. आणि एक दिवस बँकेचाच फोन सोमनाथला आला. तेव्हापासून पगार झाला की हप्ता आधी जायचा, उरेल त्यात घर चालायचं. तरी मागची थकबाकी हलत नव्हती. व्याज तिला धरून बसलं होतं.

तेही त्यानं सोसलं असतं. पण धाकट्या बहिणीला, श्रेयाला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि तिच्या कर्जासाठी तो बँकेत गेला. साहेबांनी कॉम्प्युटरकडं बघून मान हलवली.

“तुमच्या सहीवर आता कुठलीच बँक पैसे देणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून श्रेया गुलमंडीवरच्या साडीच्या दुकानात घड्या घालायला जाऊ लागली. तिच्या त्या घड्याच त्याला इथवर घेऊन आल्या होत्या.

हे सगळं त्यानं सारजाबाईंना सांगितलं. श्रेयाचं ऐकताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

“लई गुणाची पोर ती,” त्या पुटपुटल्या. “तिनं काय बिघडवलं होतं कुणाचं?”

बोलून बोलून सोमनाथच्या घशाला कोरड पडली. पाण्यासाठी तो आतल्या खोलीकडं वळला, तशा त्या पिठाच्या हातानं उठल्या.

“तू बस! आत पसारा हाय, उंदरं झालीत.”

बाहेरच्या माठातून त्यांनी तांब्या भरून आणला.

“मावशी, तिथं त्याचं वळखीचं कुणी तर आसंल.”

“मला काय कळतंय रे जर्मनीतलं?” त्यांचा आवाज पुन्हा चढला. “मी तर त्याच्या नावानं आंघोळ करून मोकळी झाले!”

आणि मग बोलता बोलताच त्यांचा बांध फुटला.

“लेकरा, तुझं वाटुळं केलं आम्ही. पर माझ्याजवळ काय हाय? हे डोक्यावरले पत्रे काढून ने.”

वाटभर घोकलेलं सगळं सोमनाथच्या तोंडातच राहिलं. पोटच्या पोरानं टाकलेल्या बाईपुढं काय बोट नाचवायचं? गल्ली गोळा करून काय तिची अब्रू काढायची?

त्यांनी ताट वाढलं. पिठलं, भाकरी, ठेचा. डब्यातली तीच चव.

उठताना तो म्हणाला, “जिवाला लावून घिऊ नका, मावशी. मी भरतो. आता हे इचारायला पुन्हा नाय येणार मी.”

सारजाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“देव तुझं भलं करंल, बाबा.”

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावली होती. किक मारायला त्यानं पाय उचलला आणि तसाच थांबला. मावशींचं ठिगळ लावलेलं लुगडं डोळ्यांपुढून हलेना. मी निदान कमावतो तरी, त्याच्या मनात आलं. हिला कोण आहे? आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेईल?

खिशात घरच्या किराण्यासाठी राखलेले पैसे होते. निम्मे त्यानं वेगळे काढले. हातात दिले तर मावशी घेणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. गुपचूप दारातल्या कोनाड्यात ठेवून यावं, म्हणून तो पायांचा आवाज न करता मागं आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं कोनाड्याकडं हात नेला. आत कुठंतरी कडी सरकल्याचा आवाज झाला.

“प्रणय, ये भाईर,” सारजाबाई अगदी हलक्या आवाजात म्हणत होत्या. “जेवून घे. आता नाय यायचा तो परत.”