एकाच ट्यूबमधलं मलम

"झोप पालथा. पोटऱ्या दगड झाल्यात तुझ्या," म्हणत संघाच्या मालिशवाल्या दिगूमामांनी बाकावर टॉवेल पसरला.

अद्वैत उभाच राहिला. डबल्सच्या फायनलआधी मामांनी त्याच्या आणि जोडीदार रोनितच्या पोटऱ्यांना एकाच ट्यूबमधलं मलम चोळलं होतं. दोघांच्याही लघवीत तेच बंदी असलेलं औषध सापडलं. अद्वैतच्या सुनावणीत मामांना मलम काही आठवेना, आणि त्याचं खेळणं दोन वर्षं बंद झालं. रोनित देशातला पहिल्या नंबरचा. त्याच्या सुनावणीपर्यंत मामांनी बहुधा बदाम खाल्ले, कारण त्यांना ट्यूबचं झाकणसुद्धा आठवलं. आज रोनित निर्दोष सुटला.

"मामा, मलाही तेच लावलं होतं, एवढं समितीला सांगा ना."

"विचारलं रे संघटनेच्या साहेबांना. प्रत्येक प्रकरण वेगळं, म्हणाले." मामा तळहातांवर तेल चोळत होते. "रोनित मात्र मोठ्या मनाचा हो! तुझी बंदी संपली की त्याला सराव द्यायला तुला बोलावतोय."

मामांनी वाकून त्याच्या पोटरीला तेलकट हात लावला, तशी अद्वैतला शिसारी आली. तो तडक मोरीत गेला आणि कातडी लाल होईपर्यंत साबणाने पोटरी घासत राहिला.