माझ्यामागचा पंखा

नैराश्याची गोळी कमी करताना मान वळवली की डोक्यात झिणझिणी उठेल, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताई रोज ब्लेडने गोळीचा तुकडा पाडून देते. झिणझिणी मी सोसते.

पण प्रत्येक झिणझिणीबरोबर टेबलावरचा पंखा क्षणभर थांबतो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आज मी पंख्यापुढे खुर्ची ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसले आणि ताईला माझ्यासमोर बसवलं. "मी मान वळवते. माझ्या खांद्याआडून अर्धा दिसतो ना, त्या पंख्यावरची नजर तू हलवू नकोस."

"बरं, शास्त्रज्ञबाई. तो थांबला नाही, तर घाबरणं सोडायचं आणि उद्यापासून तुकडा आणखी लहान. कबूल?"

"कबूल."

मी मागे वळून पाहिलं. झिणझिणी उठली. पंखा थांबला, पुन्हा फिरू लागला.

"थांबला ना?"

ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"पंखा फिरतच होता गं. अख्खा दिसला मला. खुर्चीत तूच नव्हतीस."