राजीखुशीने

"चोर हायती!" जयवंतरावांनी पोरीचा मोबाईल चटईवर आदळला. "आठ वर्षं माझी उत्कर्षा त्यात राबली, आन आता म्हणत्यात, तुझं काय न्हाय?"

मोबाईलवर गेम कंपनीचं पत्र उघडं होतं. परीक्षेच्या दिवसांत उत्कर्षानं आपला आयडी मामेबहिणीला, मोनाला, खेळायला दिला होता. करारात ते चालत नव्हतं. आयडी कायमचा बंद. आठवीपासून तिनं त्या गेममध्ये एक ओसाड बेट वसवलं होतं. बंदर, पूल, दोनशे घरं. निम्मं सामान स्कॉलरशिपच्या पैशानं घेतलेलं. कंपनीनं लिहिलं होतं, बेट तुमच्या मालकीचं कधीच नव्हतं. तुम्हाला फक्त वापरायची परवानगी होती. ती काढून घेत आहोत. कलम चौदा.

"आधी वाचलं न्हवतंस का गं?"

"कोण वाचतंय, अण्णा? ‘मान्य’ दाबलं की गेम सुरू."

"म्हंजी फसवणूकच की! जो राबला त्याचं नको का?"

बाहेर पायरीवर भीमा बसला होता. जयवंतरावांचा निरवांगीचा माळ तो अकरा वर्षं वाट्यानं करत होता. कुसळं उगवायची त्या माळावर त्यानं चारशे डाळिंबं जगवली. पहिले दोन उन्हाळे पाणी डोक्यावर वाहिलं. उद्या कूळ लागून जमिनीवर त्याचा हक्क येऊ नये म्हणून जयवंतराव दरसाल त्याच्याकडून कागद लिहून घेत. उत्कर्षाचं अक्षर चांगलं, म्हणून कागद ती लिहायची.

"भीमाचा कागद लिही," जयवंतराव आवाज खाली आणून म्हणाले. "औंदा एक ओळ वाढीव घाल. झाडावर बी त्याचा हक्क न्हाय. पुढल्या हंगामाला बाग भवानीनगरच्या पावण्याला द्यायचीय."

तिनं लिहायला घेतलं. ‘जमीन माझ्या मालकीची नाही. मला फक्त कसायची परवानगी आहे. मालक ती केव्हाही काढून घेऊ शकतात. झाडांवर माझा हक्क नाही. हे मी राजीखुशीने, नशापाणी न करता, वाचून-समजून लिहून देत आहे.’

पेन थांबला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सहा वर्षं ती हेच लिहीत होती. एकदाही तिनं भीमाला वाचून दाखवलं नव्हतं. ‘तात्या, हितं,’ म्हणत सहीच्या जागी बोट ठेवायची. तो सही करायचा. मग ती आत जाऊन बेटावर पूल बांधायची.

जयवंतराव मोटार चालू करायला विहिरीकडं गेले. तशी ती कागद-पेन घेऊन बाहेर आली, भीमाशेजारी पायरीवर बसली. त्याच्याकडं बघायची तिची छाती होईना.

"तात्या, सही करू नका. आधी वाचून दाखवते. आजवर तुम्हाला अंधारात ठेवलं मी."

भीमा हसला. "वाचा की. पर मी सातवी पास हाय, ताई. पयल्या सालापास्नं वाचतोय. तुमचं अक्षर ठसठशीत, लांबनंबी दिसतंय."

"सगळं वाचत होता? मग सही का करत होता?"

भीमानं तिच्या हातातला पेन घेतला. कागद मांडीवर सरळ केला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"‘मान्य न्हाय’ लिवायला जागा कुठं सोडलीय तुमी?"