जागचा न हलणारा ठिपका

"कालपासून हलली नाही ती," बाई मोबाइलवरून नजर न काढता म्हणाल्या. "आज-उद्या सुटेल बिचारी."

जीपवाल्यानं शिध्याचं पोतं खाली ठेवलं आणि डोळे बारीक केले. चष्मा जीपमध्येच राहिला होता. एक निळा ठिपका, एवढंच त्याला दिसलं.

वाघिणी कधी माजावर येतात, कुठं वितात, किती पिल्लं जगवतात, यातच बाईंचं आयुष्य गेलं होतं. सतत भटकणारा ठिपका एका जागी बसला की समजायचं, पिल्लांची वेळ आली. मग त्या बाजूला फिरकायचंही नाही. माणसाची चाहूल लागली तर आई पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. हे त्यांनी कित्येकांना दटावून शिकवलं होतं.

तळावर त्या एकट्याच. आठवड्यानं येणारा जीपवाला सोडला तर बोलायला चहाची किटली होती, आणि तीही हल्ली गळायला लागली होती.

"चला की, लांबून तरी बघू," जीपवाला म्हणाला.

"नको. मागं मी न सांगता गेले, तर तिनं बिऱ्हाडच हलवलं."

"तुमचं नि तिचं पटत नाही म्हणायचं!" तो हसला. "आणि नर?"

"त्याचं नाव काढू नकोस. तो कधी उपयोगी पडलाय?"

बाईंना जायचं होतं. फार जायचं होतं. कालपासून घशाखाली घास उतरला नव्हता.

"पहिलटकरीण आहे रे," त्या हळूच म्हणाल्या. "जवळ कुणी नाही."

जीपवाला उरलेलं सामान आणायला गेला. आला तो चष्मा लावून, हातात एक पुडकं घेऊन. "विसरलोच. रखवालदारानं दिलंय. मागच्या आठवड्यात ओढ्याकाठी सापडलं म्हणे."

बाईंनी कागद सोडला. आत वाघिणीच्या गळ्यातला, ती कुठं आहे ते कळवणारा पट्टा होता. मुदत संपली की तो आपोआप गळून पडतो. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा मोबाइल हातात घेतला.

जीपवाल्यानं पट्ट्याकडे बघितलं, मग वाकून मोबाइलकडे. ठिपक्याभोवती जंगल नव्हतं. रस्ते होते, एक चौक होता आणि इस्पितळाची खूण.

"लेक आहे माझी," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही. दिवस गेल्याचंही दुसऱ्यांकडून कळलं. मी जंगलात असते म्हणून पूर्वी दोघींनी एकमेकींचा ठावठिकाणा दिसेल असं करून ठेवलं होतं. तेवढं बंद करायला विसरली."

जीपवाल्यानं खिशातून किल्ली काढली.

"दोन वर्षं कुणी विसरतं होय, बाई?"