दुसरं पाणी

सिस्टरनं रिपोर्ट पुन्हा वाचला.

"लोह परत वाढलंय, भाऊ. असंच चढत राहिलं तर हृदयात साचायला लागेल."

वेल्डरनं खाटेकडे बघितलं. चिमी पडून होती. हाताला सुई, वर रक्ताची पिशवी. लहानपणापासून तिचं असंच चाललं होतं. दर महिन्याला बाहेरचं रक्त घ्यायचं आणि त्या रक्तामुळे अंगात साठणारं लोह रोजच्या गोळीनं बाहेर काढायचं.

"गोळी चुकत तर नाही ना?"

"छे! मी स्वतः देतो. उठल्या उठल्या, उपाशीपोटी."

"बाबाच लोखंड घरी आणतो," चिमी म्हणाली. "कपड्यांना लागून येतं."

सिस्टर हसली. वेल्डरला हसू आलं नाही.

"आजची दिली?"

"खिशात आहे. निघायची घाई झाली. काही खाल्लं नाही तिनं अजून."

"मग इथंच द्या. घरी देता तशी."

त्यानं ग्लासात पाणी घेतलं, गोळी टाकली आणि पाणी पांढरं होईपर्यंत ढवळत राहिला. ठिणग्यांनी डागलेली त्याची बोटं चमचा जपून फिरवत होती. चिमीनं नाक दाबलं आणि एका दमात ग्लास रिकामा केला.

"शाब्बास!" म्हणत त्यानं ग्लास घेतला आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडला.

"अहो, थांबा!"

सिस्टरनं ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. तळाला पांढरा थर बसला होता. कडेलाही.

"हे काय?"

"एवढं राहतंच की."

"हेसुद्धा औषधच आहे, भाऊ. यात परत पाणी घालून हलवायचं आणि तेही पाजायचं. रोज थोडं थोडं मोरीत गेलं बघा."

वेल्डरचा चेहरा उतरला.

"मला माहीत नव्हतं. आधी हिची आई द्यायची. ती गेल्यावर मी..."

तो दाराकडे वळला.

"बघितलं?" चिमी सिस्टरला म्हणाली. "म्हणून सांगितलं नाही मी."

तो जागीच थांबला. "तुला ठाऊक होतं?"

"आई दुसरं पाणी घालायची. पण आईचं नाव काढलं की तू उठून जातोस. मग जेवत पण नाहीस."

वेल्डर चौकटीला हात लावून उभा राहिला. मग माघारी आला. सिस्टरच्या हातातून ग्लास घेतला, बोटभर पाणी घातलं आणि कडेचं सगळं पांढरं सुटेपर्यंत गोल गोल फिरवलं. चिमीच्या ओठांना लावलं. तिनं तोंड वाकडं करून तेही संपवलं.

त्यानं स्टूल खाटेजवळ ओढलं.

"अजून काय काय करायची ती?"

चिमीनं वर पिशवीकडे बघितलं. निम्मीसुद्धा संपली नव्हती.

"बस मग. सांगते," ती म्हणाली.