तीन चांदण्या

"घाई नका करू बंडूजी. तीन चांदण्या दिसेस्तोवर थांबू," वासुदेवराव म्हणाले आणि रूबेन झिराडकरांच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत ऐसपैस बसले.

शनिवार होता. झिराडकर ज्यू. शनिवारी ते पेनाला हात लावत नाहीत, विजेचं बटण दाबत नाहीत, त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवस बुडाला की सुरू होतो आणि संपतो तो दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर, हे पिपरी मेघेच्या बंधुभाव कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. रेल्वेत गार्ड होते तोवर त्यांना हा नेम पाळता आला नव्हता. ती कसर त्यांनी रिटायर झाल्यावर काढली. एकोणीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही.

कॉलनीला याचा कोण अभिमान! "आमच्यात एक ज्यू पण आहे," असं अध्यक्ष वासुदेवराव पाहुण्यांना सांगत, जसा घरातला नवा सोफासेट दाखवावा. पंधरा ऑगस्टला झिराडकरांची खुर्ची पहिल्या रांगेत. वल्हांडणाच्या सणाला झिराडकर बिनखमिराची भाकर वाटत आणि आपले पूर्वज मिसर देशात गुलाम होते ती गोष्ट सांगत; त्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणूनच शनिवार पाळायचा, असंही म्हणत. वासुदेवरावांच्या डोळ्यांत दरवर्षी पाणी यायचं. "काय अन्याय जी!" असं म्हणून ते आणखी एक भाकर मागून घ्यायचे.

बंडूजी कॉलनीचे सेक्रेटरी. मांडीवरची फाइल सांभाळत ते उठले आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. "तुम्ही बसा जी. तुमचा नेम तो आमचा नेम."

झिराडकर अंगठ्याने बोटावरचा एक निळा डाग चोळत बसले.

फाइलमधला कागद साधाच होता. सुलोचनाबाई मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांचं नऊ नंबरचं घर मेघा भगत घेत होती. सरकारी दवाखान्यातली नर्स. वडील प्रेमदास यांना गुडघ्यांमुळे दोन जिने चढवत नव्हते, म्हणून तिला खालचं घर हवं होतं. नवं माणूस यायचं तर कॉलनीतल्या एका तरी सभासदाने त्याच्या फॉर्मवर ओळखीची सही द्यायची, असा नियम. शुक्रवारी, दिवस बुडाल्यावर, बंडूजींनी नोटीस लावली. फॉर्म उद्या दुपारी बाराच्या आत पेटीत टाकावा.

पोरगी सकाळपासून दारोदार फिरली. कोणाला चष्मा सापडेना, कोणाचा जावई आलेला. कोणी तर घरात असून नव्हतंच. शेवटी ती झिराडकरांच्या फाटकात शिरली, तेही बंडूजींनी गच्चीवरून पाहिलं आणि निवांत कपडे वाळत घातले. बाराला त्यांनी पेटीला कुलूप लावलं. उघडून पाहायची गरजही वाटली नाही.

आता उद्याच्या सभेसाठी ठराव हवा होता. 'आम्हा सभासदांपैकी कोणीही अर्जदारास ओळखत नाही, सबब घर देता येत नाही.' खाली तेरा सह्या. करोनात यातल्या सहा जणांना मेघाने घरी येऊन सलाइन लावलं होतं. चौदावी सही झिराडकरांची राहिली होती.

"आपल्याले जातीचं काही नाई जी," वासुदेवराव म्हणाले. "आपलं तर नावच बंधुभाव. पण एक घर बौद्धाले दिलं की मंग लाइन लागते. वातावरण बिघडते."

"आमच्या राजाचंही हेच म्हणणं होतं," झिराडकर म्हणाले.

"कोणता राजा?"

"मिसरचा. हे लोक लई वाढून राह्यले म्हणे."

वासुदेवराव मनापासून हसले. म्हातारा विनोदी आहे, हे ते नेहमीच म्हणत.

अंधारलं. बंडूजी अंगणात जाऊन मान वर करून उभे राहिले. "एक... दोन... आणि ते पाहा, टाकीच्या वरते तिसरी! झाला तुमचा शनिवार." त्यांनी स्वतःच दिवा लावला, कागद टेबलावर ठेवला आणि टोपण काढून पेन पुढे केलं.

झिराडकरांनी चष्मा चढवला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, तेरा सह्या एकेक करून पाहिल्या आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"हे खोटं आहे, बंडूजी."

"काऊन?"

"कोणीच ओळखत नाई असं लिवलं तुम्ही. मी ओळखतो. पेटी उघडून पाहा. तिचा फॉर्म आत आहे. साडेअकरा वाजता टाकला तिनं. खाली माझी सही आहे."

बंडूजींच्या हातातली फाइल घसरली. वासुदेवराव ताडकन उठले.

"शनिवारी? अहो, तुम्ही शनिवारी सही करत नाई म्हणून तर आम्ही शनिवार ठेवलता!"

बंडूजींनी त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता. मग वासुदेवरावांना अचानक झिराडकरांच्या धर्माची फार काळजी वाटू लागली. त्यांचा आवाज भरून आला.

"एकोणीस वर्षांचा नेम मोडला, झिराडकरजी? एका पोरीपायी? धर्म असा बुडवायचा असते काय?"

"पेन भरताना शाई सांडली," झिराडकर म्हणाले. त्यांनी शाईचं बोट दिव्याखाली धरलं. "पोरगी घाबरली, म्हणे राहू द्या काका. मले वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू?"

मग त्यांनी ठरावाचा कागद नीट घडी करून वासुदेवरावांच्या हातात दिला.

"पण एकोणीस वर्षं मी शनिवारी काय नाई करायचं, तेवढंच पाळत आलो, वासुदेवराव. आज पहिल्यांदा शनिवार पाळला."